बाईवर पॉक्सो लागला तर शिक्षा कशी ठरते?

मार्च २०२३ मध्ये आपल्या इंदूरच्या पॉक्सो कोर्टाने एका तरुण बाईला दहा वर्षांची सश्रम कैद सुनावली. बाणगंगा थान्याची केस होती, २०१८ ची. पंधरा वर्षांच्या मुलाला फूस लावून गुजरातला नेलं, तिथे टाइल्सच्या कारखान्यात कामाला लावलं आणि त्याच्यावर लैंगिक अत्याचार केले, असा तो मामला. तेव्हा कितीतरी लोकांचा बातमीवर विश्वासच बसला नव्हता. मग ऑगस्ट २०२५ मध्ये कर्नाटक हायकोर्टाने ५२ वर्षांच्या एका बाईवरची अशीच केस रद्द करायला नकार दिला आणि परत तेच प्रश्न सुरू झाले. रामबागेतल्या एका काकूंनी मला सरळच विचारलं, "अगं, बाईला पण पॉक्सो लागतो? आणि लागला तरी बाई म्हणून कमीच देत असतील ना?"

मी इथल्या जिल्हा कोर्टात एका वकील साहेबांकडे बरीच वर्षं टायपिंग आणि फाइलींचं काम करते, त्यामुळे असे निकाल, जामिनाचे अर्ज, अपिलं रोज डोळ्याखालून जातात. काकूंना जे सांगितलं तेच जरा नीट मांडून इथे लिहिते.

आधी पाया: पॉक्सो आणि किमान शिक्षा

पॉक्सो म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा कायदा. मूल म्हणजे मुलगा आणि मुलगी दोन्ही. ही गोष्ट लोक विसरतात म्हणून सांगते, केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मुलांवरच्या अत्याचाराचा मोठा अभ्यास छापला होता, त्यात ५३.२२ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक अत्याचार सांगितला आणि त्या सांगणाऱ्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. मुलगे. आपण मुलींना जपतो, जपायलाच हवं, पण मुलाला कोणी विचारतच नाही की बाळा तुला काही त्रास आहे का.

दुसरी गोष्ट किमान शिक्षा. काही गुन्ह्यांत कायदा म्हणतो "पाच वर्षांपर्यंत", म्हणजे जज एक महिनाही देऊ शकतात. काही ठिकाणी कायदाच म्हणतो "दहा वर्षांपेक्षा कमी नाही". तो खालचा आकडा म्हणजे किमान शिक्षा आणि या लेखातलं अर्धंअधिक त्या एका आकड्यावर चालतं.

पण बाईवर रेपचा गुन्हा लागतच नाही ना?

बरोबर आहे, मोठ्या माणसांच्या बाबतीत नाही लागत. आधीच्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, कलम ३७५ आणि आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ६३, दोन्हीत करणारा "पुरुष" आणि जिच्यावर होतो ती "स्त्री" असंच लिहिलंय. पॉक्सोचं तसं नाही, त्यात "जी व्यक्ती" असा शब्द आहे. पुढे त्याच कलमात इंग्रजीत पुल्लिंगी सर्वनाम येतं आणि त्याच्यावरच आरोपी बायकांचे वकील भांडतात की बघा, हा कायदा फक्त पुरुषांसाठी आहे. दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये यावर स्पष्ट सांगितलं की या कायद्यात ते सर्वनाम बाईलाही लागू आहे, कारण कायदा मुलाला वाचवायला आहे, करणारा कोण यावरून मुलाचं दुःख बदलत नाही, आणि कलमात सांगितलेली कृत्यं फक्त पुरुषच करू शकतो असंही नाही, हाताने किंवा वस्तूने केलेला अत्याचार आणि मुलाकडून जबरदस्तीने करवून घेतलेलं कृत्य सुद्धा त्यात येतं. कर्नाटक हायकोर्टाने पण हाच सूर धरला. मला हे पटतं, अगदी मनापासून पटतं.

आकडे कसे चढतात

आजच्या घडीला पॉक्सोत साधारण असं आहे. वाईट हेतूने हात लावला, कपड्यांत हात घातला, तर कलम ८, तीन ते पाच वर्षं. घाणेरडे मेसेज, अश्लील फोटो दाखवणं, पाठलाग, तर कलम १२, तीन वर्षांपर्यंत. शरीरसंबंध किंवा त्याच्या बरोबरीचं कृत्य असेल तर कलम ४, किमान दहा वर्षं, आणि मूल सोळाच्या आतलं असेल तर किमान वीस.

मग येतं कलम ५ आणि ६, म्हणजे तोच गुन्हा पण जास्त गंभीर परिस्थितीतला. मूल बाराच्या आतलं असलं, अत्याचार परत परत झाला, करणारी व्यक्ती शाळेतली, हॉस्टेलमधली, दवाखान्यातली असली, नात्यातली असली किंवा त्याच घरात राहणारी असली, की किमान वीस वर्षं आणि वर मरेपर्यंत जन्मठेप किंवा फाशीसुद्धा. आता बघा, बायकांच्या केसेस आठवल्या तर मास्तरीण, शिकवणीवाल्या ताई, मावशी, मामी, वहिनी, सावत्र आई, घरातच राहणारी कामवाली असेच चेहरे असतात, म्हणजे जवळच्याच, विश्वासातल्या. त्यामुळे बाईची केस बरेचदा आपोआप या जड कलमात जाऊन पडते, तिची तशी तयारी नसते, घरच्यांची तर मुळीच नसते.

मग बाणगंगाच्या केसमध्ये वीस का नाही, दहाच का? हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आणि कित्येकांनी स्वतःच उत्तर दिलं, "बाई म्हणून सोडलं." तसं नाही हो. वीस वर्षांचा आकडा ऑगस्ट २०१९ च्या दुरुस्तीने आला. त्याआधी कलम ४ ला किमान सात आणि कलम ६ ला किमान दहा होते. राज्यघटनेचं कलम २०(१) म्हणतं की गुन्हा घडला त्या दिवशी कायद्यात जेवढी शिक्षा होती त्यापेक्षा जास्त देता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका केसमध्ये हेच केलं, गुन्हा दुरुस्तीच्या आधीचा होता म्हणून नव्या कायद्याची "मरेपर्यंत" वाली शिक्षा खाली आणली, आणि तिथला आरोपी पुरुष होता. बाणगंगासारखं आज घडलं, मुलगा पंधराचा आणि प्रकार परत परत झालेला, तर कलम ४ ने जा की ६ ने जा, सुरुवातच वीसपासून.

शिक्षेच्या दिवशी कोर्टात नक्की काय होतं

लोकांना वाटतं जज साहेब उठतात आणि दोषी म्हणून एका दमात वर्षं सांगून टाकतात. सत्र न्यायालयात तसं चालत नाही. आधी दोषी ठरवतात, मग शिक्षेवर वेगळं ऐकून घेतात, ते कायद्याने सक्तीचं आहे, जुन्या सीआरपीसीत (फौजदारी खटला कसा चालवायचा त्याचा कायदा) कलम २३५(२) होतं, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये २५८(२). आपल्याकडे निकाल हिंदीत असतात आणि तिथे एक ओळ हमखास येते, "दण्ड के प्रश्न पर सुना गया". त्या ओळीच्या आसपास दहा-पंधरा मिनिटांत पुढची सगळी वर्षं ठरतात.

बचाव पक्षाचे वकील उभे राहतात आणि सांगतात, पहिला गुन्हा आहे, वय कमी आहे, महिला आहे, गरीब आहे, लहान मूल आहे, "न्यूनतम दण्ड दिया जाए". सरकारी वकील म्हणतात, समाजात चुकीचा संदेश जाईल, "कठोर से कठोर". आरोपी बाई तोपर्यंत महिला शिपायाच्या बाजूला ओढणी तोंडावर घेऊन उभी असते आणि बाहेर बाकड्यावर तिची आई किंवा नवरा बसलेले असतात, क्वचित कोणीच नसतं. मग जज दोन बाजू तोलतात. शिक्षा वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे मूल किती लहान, वयात अंतर किती, विश्वासाचा गैरफायदा घेतला का, किती दिवस चाललं, धमकी दिली का, व्हिडिओ काढला का, मुलाला घरापासून तोडलं का. कमी करणाऱ्या म्हणजे पहिलाच गुन्हा, कोवळं वय, मनाचा आजार, स्वतःच कोणाच्या तरी दडपणाखाली होती का, पश्चात्ताप, खटल्याच्या काळात किती दिवस आत काढले.

आता हे तोलणं नक्की कुठे कामाला येतं ते समजून घ्या. सराफ्यात दागिना घ्यायला गेलात तर सोन्याचा भाव तुम्ही कमी करू शकत नाही, घासाघीस होते ती घडणावळीवर. इथेही किमान वर्षं म्हणजे सोन्याचा भाव. "महिला आहे, मूल लहान आहे" या सगळ्या बोलण्याने घटतं ते फक्त वरचं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशच्या एका केसमध्ये, जिथे हायकोर्टाने दहाची सात केली होती, परत दहा केली आणि म्हटलं की पॉक्सोत किमान शिक्षेच्या खाली जायला कुठल्याही कोर्टाला मुभा नाही. पूर्वी रेपच्या कलमात "विशेष कारणं" लिहून खाली जाता यायचं, ती वाट २०१३ मध्ये बंद केली, आणि पॉक्सोच्या या कलमांत तशी वाट नाहीच.

"पण बाईला कायद्यात सवलत असते असं ऐकलंय"

असते, पण ती दुसऱ्या जागी असते आणि लोक सगळं एकत्र करून टाकतात. जामिनाच्या कलमात महिला, आजारी आणि अशक्त माणसांचा वेगळा विचार करता येतो, पण जामीन म्हणजे शिक्षा नव्हे, जामिनावर आलेली बाई पुढे दोषी ठरून वीस वर्षांसाठी आत जाऊ शकते. दुसरं, पहिल्या गुन्ह्यात बाईला जेलऐवजी चांगल्या वागणुकीच्या बाँडवर सोडायची सोय आहे (बीएनएसएस कलम ४०१), पण फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही, म्हणजे पॉक्सोच्या ४ आणि ६ ला तर प्रश्नच येत नाही. कलम १२ सारख्या ठिकाणी, जिथे किमान आकडाच नाही, तिथे फार तर वकील मागून बघू शकतात.

तिसरं, फाशी. गरोदर बाईला फाशी झाली असेल तर हायकोर्टाने ती जन्मठेपेत बदलायचीच असते. एवढीच सूट. बाई आहे म्हणून फाशी नाही असा कुठेही नियम नाही, कोल्हापूरच्या गावित बहिणींना फाशी सुनावलीच होती ना, वेगळ्या गुन्ह्यात, मुलांच्या अपहरण आणि खुनात, आणि २०२२ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती जन्मठेपेत बदलली ती दयेच्या अर्जाला झालेल्या उशिरामुळे, बाई म्हणून नाही.

आणि लेकरू? सहा वर्षांपर्यंतचं मूल आईबरोबर जेलमध्ये राहू शकतं, सुप्रीम कोर्टाच्या २००६ च्या निर्देशात हे सविस्तर आहे, त्याचं दूध, शाळा, दवाखाना सगळं. त्यानंतर त्याला नातेवाइकांकडे किंवा संस्थेत द्यावं लागतं. मला त्या लेकराचं फार वाईट वाटतं, त्याने काय केलं होतं? पण कोर्टासमोर दुसरंही मूल असतं, ज्याच्यावर अत्याचार झाला ते, आणि किमान शिक्षा ठरवताना संसदेने त्या दुसऱ्या मुलाकडे पाहिलंय.

अपिलाचं पण सांगून टाकते. शिक्षा झाल्यावर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात अपील जातं आणि अपील चालू असेपर्यंत शिक्षा स्थगित करून बाहेर सोडा असा अर्ज करता येतो. इथे मात्र बाई असणं, लहान मूल असणं याचा विचार खरोखर होऊ शकतो. मग ती कॉलनीत दिसली की लोक म्हणतात सुटली. सुटलेली नसते, दोषच असतो डोक्यावर, फक्त अपिलाचा निकाल यायचा असतो.

दुसऱ्याला साथ देणारी बाई

माझ्या बघण्यात बायका या केसेसमध्ये जास्त करून अशाच येतात. स्वतः अत्याचार केलेला नसतो, पण दार बाहेरून लावलं, मुलीला खोटं सांगून घेऊन गेली, गप्प बस म्हणून मारलं, किंवा पैसे घेतले. पॉक्सोच्या कलम १७ प्रमाणे अशी मदत केली आणि त्यातून गुन्हा घडला तर शिक्षा मुख्य आरोपीइतकीच. इतकीच म्हणजे तंतोतंत तीच, वीस तर वीस. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिरुअनंतपुरमच्या कोर्टाने एका आईला चाळीस वर्षं दिली, सात वर्षांच्या स्वतःच्या मुलीवर सोबत्याला अत्याचार करू दिले म्हणून. सोबती निकालाआधीच मेला होता, तरी आईची केस थांबली नाही.

असे चाळीस, शंभरचे आकडे बघून गोंधळ होतो. एकाच केसमध्ये पाच-सहा कलमांची वेगवेगळी शिक्षा होते, त्या एकामागून एक भोगायच्या की एकत्र, हे जज लिहितात. आपल्याकडे निकालात सहसा "सभी सजाएं साथ-साथ चलेंगी" असं असतं, म्हणजे सगळ्यात लांब जी असेल तेवढीच प्रत्यक्षात. म्हणून बातमीतला मोठा आकडा बघितला की ही ओळ शोधायची.

मोठ्या बाईवर सामूहिक बलात्कार झाला आणि त्यात बाईने साथ दिली, तर काय? इथे आपल्याच मध्य प्रदेशातली केस आहे, सागरची. स्पर्धेहून परतलेल्या खेळाडू मुलीला ओळखीच्या माणसाने स्टेशनवरून घरी नेलं आणि अत्याचार केला, मधेच त्याची बायको आली, मुलगी वाचवा म्हणून रडली, तर तिने मुलीला थोबाडीत मारली आणि दार लावून निघून गेली असा आरोप होता. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की बाईवर सामूहिक बलात्काराचा खटला चालू शकत नाही, कारण बाईचा तो इरादा असूच शकत नाही, मदतीचा गुन्हा लागतो का ते खालच्या कोर्टाने बघावं. मला हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हाही पटला नाही, आजही नाही. ती मुलगी त्या दाराकडे बघत असेल ना. पुढे २०१३ मध्ये सामूहिक बलात्काराचं कलम नव्याने लिहिलं, त्यात "व्यक्ती" असा शब्द आहे, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने सांगितलं की साथ देणाऱ्या बाईवर हा खटला चालू शकतो. आता न्याय संहितेत ते कलम ७० आहे, किमान वीस वर्षं. दोन्ही निकाल पुस्तकात असल्यामुळे वकील आपापल्या सोयीने काढतात, म्हणून पोलिसांनी मदतीचं कलम सोबत लावलंय का हे फिर्यादीच्या घरच्यांनी बघून घ्यावं.

घरात कळलं आणि लपवून ठेवलं, तर तोही गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत, आणि शाळा-हॉस्टेलच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत.

"मुलगा तर स्वतःच्या मर्जीने गेला होता"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीबद्दल कोणी असं म्हटलं तर आपण भांडतो, मुलाबद्दल म्हटलं की हसतात, "नशीबवान आहे". पोरगं त्या हसण्याने आणखी गप्प होतं. कायद्यात अठराखालच्या मुलाची संमती धरतच नाहीत, मुलगा असो की मुलगी, त्यामुळे बचाव म्हणून ती चालत नाही. शरीराने प्रतिसाद दिला म्हणजे मनाने होकार दिला असंही नसतं, कर्नाटकच्या केसमध्ये हाच मुद्दा आला होता आणि कोर्टाने तो मानला नाही.

हो, एकोणीसची मुलगी आणि सतराचा मुलगा, दोघं एकाच कोचिंगमधले, असं असेल तर खरंच कठीण आहे. कायदा तिथेही तोच लागतो आणि खालच्या कोर्टाचे हात बांधलेले असतात. मे २०२५ मध्ये पश्चिम बंगालच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने दोषी माणसाला शिक्षाच भोगायला लावली नाही, कारण पीडित मुलगी त्याच्याबरोबर संसार करत होती आणि कोर्ट-कचेरीनेच तिचे जास्त हाल झाले होते. पण ते घटनेच्या कलम १४२ मधल्या खास अधिकाराने, जो फक्त सुप्रीम कोर्टाकडे आहे. इथल्या जजना तसं करता येत नाही. किशोरवयीन प्रेमाच्या केसेससाठी वेगळी तरतूद व्हायला हवी असं मला वाटतं, पण मास्तरीण आणि विद्यार्थी या केसेस त्याच्यात घुसडू नयेत.

मग बायकांना कमी मिळते हे खोटं का?

परदेशात हे खोटं नाही. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या सोनिया स्टार यांनी २०१२ मध्ये केंद्रीय कोर्टांतल्या केसेस तपासल्या, सगळ्या प्रकारचे गुन्हे, आणि सारख्या केसमध्ये पुरुषांना सरासरी ६३ टक्के लांब शिक्षा मिळते असं काढलं. तिकडे वॉशिंग्टन राज्यात मेरी के लेटूर्नो नावाच्या शिक्षिकेने बारा वर्षांच्या विद्यार्थ्याशी संबंध ठेवले होते, १९९७ मध्ये आधी सहा महिन्यांवर भागवलं, बाकी शिक्षा स्थगित, आणि बाहेर आल्यावर ती परत त्याच मुलाबरोबर सापडली तेव्हा कुठे साडेसात वर्षांची पूर्ण शिक्षा लागू झाली. जिथे जजला मोकळीक जास्त, तिथे "बाई काय वाईट करणार" ही भावना आकड्यात उतरते. आपल्याकडे किमान शिक्षेमुळे निकालाच्या पानावर ती उतरायला जागा कमी आहे. पण माझा अनुभव सांगते, ती भावना आपल्याकडे निकालाच्या खूप आधी काम करते. मुलाचे आई-वडील थान्यात जातच नाहीत. गेले तर "बाईवर काय रिपोर्ट लिहायची, समजवून सांगा तिला" असं ऐकून परत येतात. किंवा कलम ४ च्या जागी कलम ८ लागतं, आणि दहा-वीस वर्षांची केस तीन-पाचवर येते. कुठलं कलम लागलं हेच खरं वजन आहे, शिक्षेच्या दिवसाचं भाषण त्यामानाने हलकं.

आणि अठराच्या वरचा मुलगा असेल तर?

तर फार काही हाती नाही. मोठ्या पुरुषावर बाईने अत्याचार केला तर रेपचं कलम नाही. जुनं कलम ३७७ न्याय संहितेत घेतलंच नाही, त्यामुळे पुरुषाने पुरुषावर केला तरी मारहाण, डांबून ठेवणं, धमकी असली कलमं शोधावी लागतात. २०१३ च्या सुरुवातीला अध्यादेशात रेपचं कलम स्त्री-पुरुष दोघांना लागू केलं होतं, दोन महिन्यांत कायदा झाला तेव्हा परत "पुरुष" आला. महिला संघटनांची तेव्हाची भीती मला समजते, तक्रार करणाऱ्या बाईवरच उलट केस टाकतील ही भीती खोटी नव्हती. तरी सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला सगळं संरक्षण आणि महिन्याभराने काहीच नाही, हे मला बघवत नाही.

एक छोटा बदल झालाय, दुसऱ्या बाईचे कपडे उतरवणं (कलम ७६) आणि चोरून बघणं, व्हिडिओ काढणं (कलम ७७) यात पूर्वी "पुरुष" होता, आता "जो कोणी" आहे. हॉस्टेलच्या बाथरूममध्ये मैत्रिणींचे व्हिडिओ काढून पाठवणाऱ्या मुलीवर आता हे थेट लागतं, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं.

मुलाला काय मिळतं

शिक्षा आरोपीची झाली, पण मुलाचं शाळेचं वर्ष गेलेलं असतं, मोहल्ला बदललेला असतो. पॉक्सो कोर्ट शिक्षेबरोबर भरपाईचा आदेश देऊ शकतं आणि २०२० च्या नियमांप्रमाणे केस चालू असतानासुद्धा तात्पुरती भरपाई मिळू शकते, आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत राज्य सरकारने द्यायची असते, बाईकडे दंड भरायला पैसे आहेत की नाहीत याच्याशी त्याचा संबंध नाही. यासाठी अर्ज करता येतो, कोर्ट स्वतःहूनही देऊ शकतं, पण मुलगा असला की तो अर्ज टाकायचं कोणाला सुचतच नाही. मुलाचा जबाब घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, पोलिसांनी वर्दीत यायचं नाही, नाव-शाळा-पत्ता कुठे छापायचा नाही, हे सगळे हक्क मुलालाही मुलीइतकेच आहेत. थान्यात ऐकत नसतील तर १०९८ वर फोन करा, बाल कल्याण समितीकडे जा, एसपींना लेखी द्या किंवा थेट पॉक्सो कोर्टात अर्ज टाका, आणि पहिल्याच पेशीला वकिलांना विचारा की भरपाईचा अर्ज लावला का.